मुठीपासून टोकापर्यंत

आधी हात धुऊन घ्या. साबणाने धुवा आणि चांगले कोरडे करा. बोटांच्या घामात मीठ असते, आणि जुन्या पोलादावर उमटलेला अंगठा दोन पावसाळ्यांत तांबूस होऊन तिथे कायमचा बसतो. हातमोजे असतील तर घाला. पण आज आपल्याला फार वेळ काही हातात धरायचे नाही. बहुतेक वेळ एक जुनी संगीन बघतच बसायचे आहे.

टेबलावर एक जुनी सुती चादर दुहेरी करून अंथरा. दिवा एका बाजूला ठेवा. वरून पडलेल्या उजेडात पाते नुसते चकाकते. बाजूने सरपटत आलेल्या उजेडात त्याच्यावरच्या रेघा दिसतात. घरातले आवाज चालू राहू द्यात. खुर्चीत नीट टेकून बसा, खांदे सैल सोडा, आणि श्वास आपल्या चालीने चालू द्या.

तुमच्याजवळ संगीन नसेल, तर माझी घ्या. ती मला कोकणातल्या एका घरातून मिळाली. मागच्या पडवीत एका ओंडक्यात मूठ घट्ट बसवून, टोक वर करून ती उभी असायची, आणि तिच्यावर नारळ सोलले जायचे. तीन पिढ्यांनी सोलले. घरच्या सुनेला ती सोडवेना, कारण नव्या पहारीला ती सफाई नव्हती. शेवटी मी एक चांगली पहार लोहाराकडून करवून नेली, तेव्हा ती माझ्याकडे आली.

ती आता चादरीवर आहे. अजून हात लावू नका. लांबी डोळ्यांनी मोजा: सतरा इंचांचे पाते, मुठीसकट बावीसच्या आसपास. रायफलीच्या तोंडाला लावायच्या सुरीला इतकी लांबी कशाला, असा प्रश्न मनात येईल. तो येऊ द्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटिश सैन्याने आपली रायफल आखूड केली. आखूड रायफल घोडेस्वाराला आणि पायदळाला, दोघांनाही चालते. पण रायफल आखूड झाली की समोरच्याची संगीन आपल्यापर्यंत आधी पोचणार, ही धास्ती होती. मग रायफलीत गेलेले इंच संगिनीत भरून काढले. म्हणजे ही लांबी कोणा लोहाराच्या मनातली नाही. दोन माणसांमधले अंतर कुणीतरी कागदावर मोजले, आणि त्याचे पाते झाले.

हे वाक्य थोडा वेळ मनात राहू द्या. पुढे जायची घाई नको.

आता मूठ हातात घ्या. पाते चादरीवरच टेकलेले असू द्या. तिचे वजन अर्ध्या किलोच्या जवळ जाते, शेराच्या जुन्या मापाने अर्ध्या शेराहून थोडे जास्त. मुठीला दोन्ही बाजूंनी अक्रोडाच्या लाकडाच्या पट्ट्या बसवलेल्या आहेत, दोन स्क्रूंनी आवळलेल्या. लाकूड काळे पडले आहे. त्यात रायफलीचे तेल आहे, धूर आहे, खोबरेल आहे, पडवीतली ओल आहे. मुठीच्या शेवटी एक आरपार भोक दिसेल. १९१६ पासून हे भोक पाडायला लागले, कारण खंदकांतला चिखल मुठीच्या खाचेत अडकून बसायचा आणि संगीन रायफलीवर चढेना. चिखल बाहेर पडायला वाट ठेवली. इतक्या मोठ्या युद्धाची इतकी साधी खूण क्वचित सापडते. करंगळीचे टोक त्या भोकावर ठेवा आणि त्या चिखलाची कल्पना करा. नुसत्या चिखलाची.

तुमचा तळवा जिथे आहे, तिथे आधी कोणाचा तरी तळवा होता. तो कोणाचा, हे शोधायला मन धावेल. धावू द्या, आणि हळूच परत आणा. सध्या फक्त एवढे बघा की लाकडाची कड एका बाजूला जास्त झिजली आहे, आणि तुमचा अंगठा आपोआप तिथेच जाऊन बसला.

आता दिवा थोडा जवळ ओढा. मुठीच्या पुढे, पाते सुरू होते तिथे, धार नसलेला एक चौकोनी तुकडा आहे. आपल्याकडच्या तलवारीत मुठीलगतच्या अशा भागाला खजाना म्हणतात. शब्द चपखल आहे, कारण संग्राहकाचे सगळे धन तिथेच असते. एका बाजूला मुकुट, त्याखाली पंचम जॉर्ज राजाची आद्याक्षरे, मग १९०७, मग बारीक अंकांत ४ आणि १६, आणि त्याखाली शेफील्डच्या सँडरसन कारखान्याचे नाव.

नवशिका १९०७ वाचतो आणि खूश होतो. मीही तसा खूश झालो होतो. पण १९०७ हे या नमुन्याचे वर्ष आहे; तो आकडा त्यानंतर बनलेल्या या नमुन्याच्या संगिनींवरही असतो. हिचा जन्म त्या खालच्या बारीक अंकांत आहे: चौथा महिना, सोळा साल. एप्रिल १९१६.

दुसऱ्या बाजूला वळवा. एक बाण आहे. तो सरकारी मालमत्तेचा. त्याखाली इंग्रजी 'आय' हे अक्षर आहे, म्हणजे माल हिंदुस्थान सरकारच्या खात्यातला. शेजारी एक फुली आहे. ती मला सगळ्यांत जास्त विचारात पाडते. पाते तयार झाले की ते वाकवून बघत. वाकून पुन्हा सरळ झाले, मोडले नाही, वाकडे राहिले नाही, की ही फुली मारायची. एवढ्या मोठ्या कारखान्यात कोणीतरी हे पाते हातात घेऊन वाकवले होते. ते सरळ झाले. मग ते जहाजावर चढले.

एप्रिल १९१६ म्हटले की मराठी माणसाच्या मनात एक गाव उभे राहते, किंवा राहायला हवे. कुत-अल-अमारा. मेसोपोटेमियात टायग्रिसच्या वळणावरचे. तिथे सहावी पुणे डिव्हिजन डिसेंबर १९१५ पासून वेढ्यात अडकली होती, आणि तिच्यात एकशेतीन, एकशेदहा आणि एकशेसतरा या मराठा पलटणी होत्या. सातारा, रत्नागिरी, पुणे, कोल्हापूर या भागांतली पोरे. अन्न संपत गेले. १४७ दिवसांनी, २९ एप्रिल १९१६ रोजी, त्यांनी शस्त्रे खाली ठेवली. त्यापुढच्या कैदेच्या वाटेवर फार माणसे गेली.

ज्या महिन्यात शेफील्डला हिच्यावर छाप पडत होता, त्याच महिन्यात कुत पडले.

इथे थांबा. इथे मन काय करते ते नीट बघा. ते दोन तारखांना गाठ मारायला बघते. संगीन कोकणातली, घरात कोणीतरी पलटणीत असणार, पलटण मेसोपोटेमियात होती, म्हणजे ही संगीन... पण एप्रिलमध्ये शेफील्डला असलेली वस्तू एप्रिलमध्ये टायग्रिसकाठी असूच शकत नाही. साधा हिशेब आहे. तरी मन मानत नाही. ते म्हणते, मग पुढच्या वर्षी, बगदाद घेतले तेव्हा? असेल की.

संग्रहाच्या छंदातला सगळ्यांत मोठा मोह हा आहे, पैशाच्या मोहाहून मोठा. मुक्या वस्तूला आपण बोलायला लावतो, आणि ती आपलेच शब्द बोलते. बाजारात प्रत्येक तलवार कोणत्या ना कोणत्या सरदाराची असते. प्रत्येक डाग रक्ताचा असतो. पात्यावर लांबट खोलगट पन्हळ असते ना, तीसुद्धा रक्त वाहून जायला ठेवलेली असते, असे विकणारा शपथेवर सांगतो. खरे तर ती पन्हळ वजन कमी करायला असते. तेवढे पोलाद काढून घेतले तरी पाते ताठ राहते, हातात हलके होते. लोहाराची अक्कल आहे ती. पण अकलेची गोष्ट विकली जात नाही, रक्ताची जाते.

म्हणून श्वास सोडताना ती गोष्टही सोडून द्या. संगीन चादरीवर तशीच राहील. मुकुट, बाण, फुली, एप्रिल. आणि नारळ. तिच्याविषयी खात्रीने सांगता येते ते एवढे, आणि तेवढ्यासाठी एक संध्याकाळ पुरत नाही.

आता संगीन जराशी बाजूला सरकवा. तिच्याशेजारी आणखी एक पाते मनाने ठेवायचे आहे. ते आपल्यापैकी कोणाच्या घरात असणार नाही.

२०२५ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या एका लिलावात पहिल्या रघुजी भोसल्यांची तलवार आली. नागपूरच्या भोसले घराण्याचे ते संस्थापक. महाराष्ट्र शासनाने ती विकत घेतली, आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत पोचली. तिचे नाव फिरंग. नावातच तिचे कूळ आहे: पाते फिरंग्यांचे, युरोपात घडलेले, सरळ आणि एकधारी. अशी पाती सोळाव्या शतकापासून पोर्तुगीजांच्या गलबतांतून आपल्या किनाऱ्यावर उतरत होती. त्यांना मूठ इथे चढायची. मुठीच्या पोकळीत लाख आणि राळ वितळवून ओतायची, पात्याचा शेपटा त्यात रोवायचा, आणि थंड होऊ द्यायचे. जर्मनीतल्या पासाउ आणि सोलिंगेनच्या पात्यांवर धावत्या लांडग्याची खूण असे. ती इतकी मानाची झाली की तिची नक्कल होऊ लागली, आणि परक्या अक्षरांचे वळण न कळताही आपल्याकडच्या कारागिरांनी तसली अक्षरे कोरली. हे मला मनापासून आवडते. ज्या हातांना आपलेही पोलाद उत्तम घडवता येत होते, त्यांनी दुसऱ्याचे चांगले ते मानले.

रघुजींच्या फिरंगीला मुल्हेरी घाटाची मूठ आहे, सोन्याच्या नक्षीची. आणि पात्याच्या पाठीवर, मुठीच्या बाजूला, देवनागरीत सोन्याने त्यांचे नाव आहे, सेनासाहेब सुभा हा किताब आहे. पाठीवर म्हणजे बोथट कडेवर. समोरून पाहणाऱ्याला धार दिसते. नाव दिसते ते वरून, तलवार धरणाऱ्याच्या डोळ्यांना.

डोळे मिटा, आणि स्वतःला त्या दोन्ही जागी ठेवून बघा. आधी मुठीकडे. खाली नजर टाकली की सोन्याची अक्षरे, आपले नाव, आपल्या हातात. ऊर भरून येईल, आणि येऊ द्यावा. त्या नावाने नागपूरला आपली राजधानी केली. आपल्या भाषेतली अक्षरे लंडनच्या लिलावातून परत आली, याचा आनंद मला झाला आणि तो खराखुरा आहे.

मग हळूहळू, पात्याच्या पाठीवरून चालत, टोकाकडे या.

१७४२ मध्ये रघुजींचे सेनानी भास्करराम कोल्हटकर फौज घेऊन बंगालमध्ये उतरले. त्याच साली घाबरलेल्या कलकत्त्याने शहराभोवती खंदक खणायला घेतला. त्याचे नावच मराठा खंदक पडले. १७४४ मध्ये नबाब अलिवर्दी खानाने भास्कररामांना बोलणी करायला बोलावले आणि मारले. त्यानंतरही स्वाऱ्या चालू राहिल्या. १७५१ मध्ये तह झाला, ओडिशा भोसल्यांकडे आला, बंगालची चौथाई वर्षाला बारा लाख ठरली. हे सगळे आपण शाळेत मुठीच्या बाजूने शिकलो: तारखा, तह, चौथाई.

बंगालीत गंगाराम नावाच्या कवीने त्याच काळात महाराष्ट्र पुराण लिहिले. नाव आपले, पण त्यात आहे ते जळलेल्या गावांचे आणि पळणाऱ्या माणसांचे वर्णन. आणि बंगाली घरांत आजही मुलाला झोपवताना एक अंगाई म्हणतात, तिच्यात बारगीर येतात. बारगीर हा आपला शब्द. सरकारी घोड्यावरचा स्वार. तिकडे तो बर्गी झाला. बाळ निजले, मोहल्ला निवला, आणि ते आले, असा त्या अंगाईचा सूर आहे. आता सारा कसा भरायचा, ही चिंता तिच्यात आहे.

मी हे पहिल्यांदा एका बंगाली वहिनींकडून ऐकले. त्यांनी ते चालीवर म्हणून दाखवले, आणि मग एकदम थांबून म्हणाल्या, तुम्हाला वाईट तर नाही ना वाटले? मला काय उत्तर द्यावे ते सुचले नाही. इतक्या गोड चालीत आपण भेटू असे वाटले नव्हते.

या जागी जितका वेळ लागेल तितका बसा. अभिमान आणि ती अंगाई, दोन्ही मनात एकदम मावतात का ते बघा. एकाने दुसरे पुसायचे नाही. मला त्याला बरीच वर्षे लागली, आणि अजूनही काही दिवस मावत नाहीत.

परत आपल्या संगिनीकडे या.

आता एक गोष्ट लक्षात आली असेल. तिच्यावरचे सगळे लेखन मुठीच्या बाजूला आहे. राजा, कारखाना, सरकार, निरीक्षक, महिना, साल: पहिल्या दोन इंचांत सगळे संपते. नजर तिथून उचला आणि पुढे न्या. तीन इंच, पाच इंच, सात, दहा. काहीच नाही. कोरे पोलाद, टोकापर्यंत. मी शेकडो पाती पाहिली आहेत, पुण्याच्या केळकर संग्रहालयात, मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, लोकांच्या दिवाणखान्यांत. नावे, देवांची चित्रे, मोहरा, सोन्याच्या वेली, सगळे मुठीकडे झुकलेले. खंडेनवमीला आपण हळदकुंकू लावतो तेही मुठीजवळच. टोकाला कोणी कुंकू लावलेले मला आठवत नाही.

आणि आपल्या वह्याही तशाच. माझ्या वहीत रकाने आहेत: मूठ, पाते, ठसे, म्यान, कोणाकडून घेतले, किती दिले. काही वर्षांपूर्वी मी शेवटी आणखी एक रकाना आखला आणि त्यावर लिहिले, 'समोर'. तो जवळजवळ सगळीकडे रिकामा आहे. तरी प्रत्येक नव्या नोंदीच्या वेळी मी त्या रिकाम्या चौकटीवर पेन्सिल टेकवून थोडा वेळ थांबतो.

मुठीकडच्या माणसालाही सगळीकडे नाव मिळाले असे मात्र नाही. सातारा, रत्नागिरीकडच्या गावांत पहिल्या महायुद्धाच्या छोट्या पाट्या आहेत, चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत बसवलेल्या. या गावातून इतकी माणसे युद्धाला गेली, त्यांपैकी इतकी परतली नाहीत. आकडे. सरकारने संगिनीवर महिना कोरला, निरीक्षकाचा शिक्का मारला. ती धरणारा गावाच्या पाटीवर एक संख्या झाला. अशी पाटी दिसली की मी थांबतो आणि आकडा मोठ्याने वाचतो. तेवढेच करता येते.

आता टोक.

हात लावू नका, फक्त दिवा तिकडे वळवा. ते गोलसर झाले आहे. वर्षानुवर्षे नारळाच्या सोडणात घुसून, पिळून, पुन्हा घुसून त्याची अणी गेली. शेवटचा एक इंच काळपट, काथ्याच्या रसाने रंगलेला. मी ही संगीन आणली तेव्हा एका जाणत्याने सांगितले, चांगल्या सहाणेवर टोक काढून घ्या, किंमत दुप्पट होईल. किमतीचे त्याचे बरोबर असेल. पण ते बोथट टोक हे या पात्यावरचे एकच लेखन आहे जे सरकारने किंवा कारखान्याने केलेले नाही. पडवीत बसलेल्या बाईने, तिच्या सुनेने, तिच्या सुनेने ते केले. मी त्याला हात लावलेला नाही.

जुन्या शस्त्रावर काही करायचे झाले तर इतकेच करायचे. तांबडा, भुरभुरणारा गंज असेल तर तो मऊ कापडाने आणि थोड्या तेलाने सावकाश उतरवायचा, कारण तो पोलाद खातो. काळसर, घट्ट बसलेली झाक असेल तर ती तशीच ठेवायची. ती पोलादाने स्वतःला घातलेली साय आहे. चकचकीत करायला गेलात की ठसे पुसट होतात, आणि एका दुपारच्या उत्साहात शंभर वर्षे घासली जातात. आणि शंभर वर्षे झालेली वस्तू १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते. ती तुम्हाला देशाबाहेर नेता येत नाही. मला हा कायदा पटतो. ती आपली असते, आणि आपल्यापाशी ठेवायला दिलेलीही असते.

मेणाची डबी उघडा. कापडाच्या कोपऱ्यावर अगदी थोडे घ्या, डोळ्यांत काजळ घालताना घेतो तितके. मुठीकडून सुरुवात करा. मुकुटावरून जा, एप्रिलवरून जा, फुलीवरून जा. मग त्या कोऱ्या पोलादावरून, न थांबता, एका चालीने. श्वास आणि हात एकदम चालतील. टोकाशी आलात की कापड सैल धरा आणि बोथट कडेवरून अलगद फिरवा.

म्यानात घालू नका. म्यान चामड्याचे असेल तर चामडे ओल धरते, आणि कमावताना त्यात मुरलेली आम्ले पोलादाला खातात. दोघांना जवळजवळ पण वेगवेगळे ठेवायचे, बाजूबाजूला, भांडलेल्या भावांसारखे. पाते स्वच्छ सुती कापडात गुंडाळा. नाडी दोनदा फिरवून साधी गाठ मारा, पुढच्या वेळी सुटेल अशी.

भिंतीवर टांगू नका. कपाटात आडवे ठेवा, खालच्या फळीवर, जिथे मुलांचा हात सहज जात नाही आणि पावसाची ओल येत नाही. ठेवताना टोक भिंतीकडे करा. त्या भिंतीपलीकडे कोणी झोपत असेल, तर दुसऱ्या भिंतीकडे.